रस्त्याकडेचा मूनडॉग आणि आजचं संगीत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मूनडॉग या अमेरिकी संगीतकारावर आम्ही मागे एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. टिपण न वाचलेल्यांसाठी थोडक्यात ओळख : खरं नाव लुई थॉमस हार्डिन. जन्म २६ मे १९१६, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं मेरीसव्हिल. सोळाव्या वर्षी डिटोनेटर हातात फुटला आणि दोन्ही डोळे गेले. १९४३ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, १९४७ पासून मूनडॉग हे नाव लावू लागला. त्यानंतरची पंचवीसेक वर्षं सहाव्या अव्हेन्यूवर, ५३ आणि ५४ क्रमांकाच्या रस्त्यांच्या आसपास, शिंगांचं शिरस्त्राण आणि लांब झगा घालून तो उभा राहत असे. स्वतःची वाद्यं वाजवायचा, कविता आणि छापील स्वरलिपी विकायचा. ८ सप्टेंबर १९९९ रोजी जर्मनीत म्युन्स्टरला त्याचं निधन झालं.

प्रश्न : फिलिप ग्लास आणि स्टीव्ह राइख हे अमेरिकी संगीतकार मूनडॉगचे शिष्य होते, मिनिमलिझम, म्हणजे मोजक्या स्वरांच्या पुनरावृत्तीवर उभं राहणारं संगीत, त्यानेच सुरू केलं, असं सर्रास वाचायला मिळतं. यात किती तथ्य आहे? (पुणे)

शिष्य हा शब्द चुकीचा आहे, पण संबंध खरा आणि जवळचा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मूनडॉग फिलिप ग्लासच्या न्यूयॉर्कमधल्या घरी सुमारे वर्षभर राहत होता. त्या काळात ग्लास, राइख, सॅक्सोफोनवादक जॉन गिब्सन आणि मूनडॉग एकत्र बसून त्याचे राऊंड गात-वाजवत. राऊंड म्हणजे एकच चाल ठरावीक अंतराने एकामागून एक सुरू करून गायची रचना. राइखने केलेलं त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. मूनडॉगचं काम आपण फार गांभीर्याने घेत होतो आणि न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत जे कानावर पडत होतं त्याहून ते आपल्याला जास्त भिडलं, असं ग्लासने पुढे लिहून ठेवलं आहे.

आता दुसरी बाजू. टेरी रायली या आणखी एका अमेरिकी संगीतकाराची ‘इन सी’ ही रचना १९६४ ची. राइखला फेजिंगची, म्हणजे एकच तुकडा दोनदा वाजत हळूहळू एकमेकांपासून सरकत जाण्याची कल्पना १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सापडली, दोन टेप रेकॉर्डरवर एकच तुकडा फिरवताना. ग्लासला लहान-लहान गट जोडत लय वाढवण्याची पद्धत दिसली ती पॅरिसमध्ये, १९६५ च्या सुमारास पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखा यांच्यासोबत एका चित्रपटाच्या संगीतावर काम करताना. म्हणजे मिनिमलिझमचे झरे अनेक आहेत आणि त्यातला एक थेट आपल्या तबल्यातून गेला आहे. मूनडॉगने स्वतः हा जनकपदाचा मान नाकारला. त्याचा आदर्श बाख होता आणि स्वतःला तो जुन्या काउंटरपॉइंटचा, म्हणजे स्वतंत्र चाली एकमेकींत गुंफण्याच्या कलेचा, कडक शिस्तीचा कारागीर समजत असे.

मग त्याने दिलं काय? आमच्या मते तीन गोष्टी. एक, स्थिर नाडी : संपूर्ण तुकडाभर न बदलणारा ठोका, जो त्या काळातल्या विद्यापीठीय संगीतात जवळपास हद्दपार झाला होता. दोन, उघड स्वरसप्तक : सा आणि प ठामपणे ऐकू येणारं संगीत लिहायला लाज वाटू नये, हे धैर्य. तीन, छोटं फिरतं चक्र : दोन-चार मापांचा (मात्रांच्या ठरावीक गटांचा) बास, म्हणजे खालच्या स्वरांची ओळ, तळाशी फिरत राहतो आणि वरचे आवाज एकेक करून त्यात शिरतात. आजचा लूप वापरणारा कोणताही संगीतकार या तिसऱ्या गोष्टीशी लगेच नातं जोडतो. त्याची बहुतेक कामं एक ते तीन मिनिटांची आहेत आणि एवढ्या छोट्या जागेत स्वरसंगतीचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीचा) एकही नियम मोडू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट होता. वेशभूषेच्या गोष्टी सांगताना हे काम बाजूला पडतं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मी तबला शिकतो. मूनडॉगच्या पाच आणि सात मात्रांच्या रचना झपताल-रूपकासारख्या ऐकायच्या का? (सांगली)

मोजायला तुमची तयारी उपयोगी पडेल, ऐकायला मात्र थोडी सवय बदलावी लागेल.

विषम मात्रांच्या लयींना तो ‘स्नेकटाइम’ म्हणायचा, सापासारखी सरपटत जाणारी लय. आपण चार-चारच्या मापात मरणार नाही, असं त्याचं प्रसिद्ध वाक्य आहे. या लयीचं मूळ तो लहानपणात शोधत असे. वडील धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर वायोमिंगमध्ये तो अरापाहो लोकांच्या सूर्यनृत्याला गेला होता आणि तिथे प्रमुखाच्या मांडीवर बसून त्याने बायसनच्या कातड्याचा ढोल वाजवला होता. १९५० च्या दशकात प्रेस्टिज कंपनीने काढलेल्या त्याच्या तबकड्यांत ही लय सर्वांत उघडी ऐकू येते.

फरक असा. रूपकाच्या सात मात्रा ३+२+२ आणि समेवरच खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामी मात्रा : ती ती ना, धी ना, धी ना. वजन चौथ्या मात्रेवर जाणवतं. मूनडॉगच्या सातात पहिल्या ठोक्याला सरळ वजन असतं, खाली-भरी हा भेद नाही. झपताल दहा मात्रांचा, २+३+२+३, आणि त्याचं दुसरं अर्ध पहिल्याहून वेगळं रंगतं. मूनडॉगच्या पाचात पाच संपले की तेच पाच परत. आवर्तन छोटं असल्यामुळे तिहाईसारखा शेवट शोधायला गेलात तर चुकाल. त्याचा ताण वेगळ्या ठिकाणी आहे : दुसरा आवाज तीच चाल काही मात्रा उशिरा सुरू करतो, त्यामुळे दोन आवाजांचे जोरकस ठोके एकमेकांत अडकतात.

सराव असा करा. मेट्रोनोम मिनिटाला ९६ वर लावा. डाव्या हाताने मांडीवर पाच सारखे ठोके. उजव्या हाताने फक्त १ आणि ४, म्हणजे ३+२. हे न अडखळता पन्नास आवर्तनं जमलं की तोंडाने १ ते ५ मोजणं थांबवा आणि एखादी पाच अक्षरांची ओळ म्हणा. इथे बहुतेकांचा पाचवा ठोका लांबतो आणि नकळत सहा होतात, कारण कान चार किंवा सहाकडे ओढ घेतो. उपाय साधा : पाचव्या ठोक्याचा जोर काढून घ्या, वेग वाढवू नका. त्यानंतर एका सोबत्याला तीच लय दोन मात्रा उशिरा सुरू करायला सांगा. दोघांचे ‘एक’ वेगळ्या जागी पडतात आणि तरी दोघं टिकून राहता, एवढं साधलं की मूनडॉगच्या तबकड्या तुम्हाला निराळ्या ऐकू येतील.

प्रश्न : हा आपल्या वासुदेवासारखाच म्हणायचा ना? (ठाणे)

नाही. मोरपिसांच्या टोपीमुळे आणि दारोदार गाण्यामुळे आठवण होते हे खरं, पण वासुदेवाचं गाणं, वेश आणि पहाटेची वेळ परंपरेने चालत आलेली असते आणि गावाला ती ओळखीची असते. मूनडॉगने वेश, वाद्यं, लय सगळं एकट्याने उभं केलं. आधी तो झगा घालायचा तेव्हा लोक त्याला येशू म्हणू लागले. ते टाळायला त्याने नॉर्डिक योद्ध्याचा अवतार घेतला. त्यातली शिंगंही इतिहासातली नाहीत. खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नसत, ती एकोणिसाव्या शतकातल्या ऑपेराच्या पोशाखांतून आली.

प्रश्न : शाळेच्या वृंदगानासाठी मूनडॉगच्या पद्धतीचा तीन आवाजांचा राऊंड स्वतः रचायचा आहे. संगीत शिकवते, पण काउंटरपॉइंट शिकलेले नाही. कुठून सुरुवात करू? (नाशिक)

१९७१ च्या ‘मूनडॉग २’ या तबकडीत त्याने मुलगी जून हिच्यासोबत असे छोटे राऊंड गायले आहेत. दोन ओळींचं काव्य, एक फिरतं चक्र, संपलं. तोच नमुना धरा.

राऊंडचं गुपित एवढंच आहे : सगळ्या ओळी एकाच वेळी गायल्या जाणार, म्हणून प्रत्येक ओळीखालची स्वरसंगती एकच हवी. चाल सलग रचायला जाऊ नका. आधी एका मापाचा आराखडा ठरवा, मग त्या मापावर तीन ओळी एकाखाली एक लिहा आणि शेवटी त्या टोकाला टोक जोडा. बहुतेक जण उलटं करतात. आधी सुंदर लांब चाल बांधतात आणि दुसरा गट आत शिरला की सगळं कर्कश होतं.

पाच मात्रांचा नमुना देतो. आराखडा : १ ते ३ मात्रांना सा-ग-प, ४ आणि ५ ला प-नि-रे. स्वर सगळे शुद्ध, टिंब दिलेले मंद्र सप्तकातले.

पहिली ओळ : ग म प | प रे
दुसरी ओळ : प ग सा | नि़ –
तिसरी ओळ : सा – – | प़ –

आता तपासणी. पहिल्या मात्रेला तिन्ही गट मिळून ग, प, सा : पूर्ण संगती. दुसऱ्या मात्रेला पहिल्या ओळीतला म दुसऱ्या ओळीतल्या ग ला घासतो. तो चालतो, कारण मात्रा कमजोर आहे आणि म हा ग वरून पायरीने येऊन पायरीनेच प वर जातो. हाच म पहिल्या मात्रेवर किंवा उडी मारून आला असता तर खटकला असता. चौथ्या मात्रेला प़, नि़, प. पाचव्याला प़, नि़, रे, म्हणजे पुन्हा पूर्ण. सांधेही पाहा : रे वरून प, नि़ वरून सा, प़ वरून ग. तिन्ही उड्या मुलांच्या गळ्याला झेपतात आणि सगळी चाल एका सप्तकात बसते.

पहिल्या ओळीत चौथ्या मात्रेला प च्या जागी थेट रे का नाही, असं मनात येईल. करून पाहा. तिसऱ्या मात्रेला तळाशी सा आणि वर प, चौथ्याला तळाशी प़ आणि वर रे. दोन्ही वेळा अंतर पंचमाचं आणि दोन्ही आवाज एकाच दिशेने उतरले. याला समांतर पंचम म्हणतात. दोन आवाज एकात विरघळल्यासारखे होतात आणि तीन गट गात असून दोनच ऐकू येतात. समांतर षड्ज, म्हणजे सप्तकाच्या अंतराने एकत्र चालणं, हाही तसाच दोष. मूनडॉग या दोन्हींबाबत अत्यंत काटेकोर होता. प एक मात्रा धरून ठेवला की दोष निघून जातो.

शिकवण्याचा क्रम. आधी सगळ्यांना सलग पंधरा मात्रांची चाल एका सुरात पाठ करून घ्या. निदान दोन तासिका तरी द्या, कारण चाल अर्धवट पाठ असेल तर दुसरा गट आला की पहिला ढासळतो. मग दोनच गट. दुसरा गट पहिल्याच्या बरोबर पाच मात्रांनंतर. तिसरा गट आणखी पाच मात्रांनी. तानपुरा बंद ठेवा : चौथ्या-पाचव्या मात्रेला तळ प़ वर जातो आणि मागे सा सतत वाजत असेल तर संगती गढूळ होते. पेटीवर फक्त सुरुवातीचा सा द्या. तिसऱ्या ओळीत मुलं हमखास वर ओढली जातात, कारण लांब स्वर धरायचा कंटाळा येतो. त्या ओळीला ‘आ’काराऐवजी ठळक व्यंजनाने सुरू होणारे शब्द द्या. शेवट करायचा तर तिन्ही गटांना हाताने खूण करून एखाद्या पहिल्या मात्रेवर एकदम थांबवा, तिथे संगती पूर्ण आहे.

शब्द तुमचे तुम्ही घाला. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, दुसरीत चार, तिसरीत दोन. जोडाक्षरं तिसऱ्या मात्रेवर आणू नका, चौथा ठोका उशिरा पडतो.

प्रश्न : ‘त्रिंबा’ नावाचं त्याचं तालवाद्य घरी बनवता येईल का? सुतारकामाची हत्यारं आहेत. (कोल्हापूर)

त्रिंबा हे मूनडॉगने १९४० च्या दशकाच्या अखेरीस बनवलेलं त्रिकोणी तालवाद्य. एका हातात क्लेव्ह, म्हणजे आखूड जाड लाकडी काठी, आणि दुसऱ्या हातात खुळखुळा घेऊन ते वाजवतात. त्याचं वादन मूनडॉगकडून शिकून युरोपात पुढे नेलं ते स्वीडिश वादक स्टेफान लाकाटोश यांनी. खाली देतो ती मूळ वाद्याची हुबेहूब प्रत नव्हे. त्रिकोणी पेटी, पातळ लाकडी पृष्ठ आणि काठीचा ठोका, या कल्पनेवरची घरगुती जोडी आहे.

मोठ्या पेटीसाठी १२ मिमी वॉटरप्रूफ प्लायच्या तीन फळ्या, प्रत्येकी ३६ बाय १५ सेंमी. लहान पेटीसाठी २६ बाय १२ सेंमीच्या तीन. पहिली अडचण इथेच येते. ६० अंशांचा कोपरा तिरका जोडायचा तर पातं ६० अंश कलवावं लागतं आणि साधी सर्क्युलर सॉ ४५ च्या पुढे कलत नाही. म्हणून फळ्यांची टोकं सरळच कापा, आतल्या कडा एकमेकींना टेकवा आणि आतल्या कोपऱ्यात ३० मिमी भुजेची समभुज त्रिकोणी पट्टी बसवा. ती पट्टी पातं ३० अंश कलवून सहज निघते. बाहेर राहणारी फट पातळ पट्टी आणि पुट्टीने भरा. फेविकॉल लावून दोरीने करकचून आवळा आणि २४ तास हात लावू नका.

तळाला ६ मिमी प्लाय, कडेने पूर्ण चिकटवलेली. एका बाजूच्या फळीला मधोमध ७ सेंमी व्यासाचं भोक पाडा, लहान पेटीला ५ सेंमी. भोक नसेल तर आतली हवा कोंडते आणि आवाज बसका येतो.

सगळं अवलंबून आहे ते वरच्या पृष्ठावर. प्लाय ३ मिमीच घ्या. ६ मिमी लावली तर नुसतं ‘ठक’ ऐकू येईल, खाली गुंज नाही. मोठ्या पेटीला त्रिकोण ४१ सेंमी भुजेचा कापा, लहानाला ३१, आणि बसवल्यावर जादा काठ रंध्याने काढा. दोन कडा चिकटवा आणि दर ६ सेंमीला स्क्रू मारा. तिसरी कड चिकटवू नका, तिला फक्त मधल्या भागात दोन-तीन स्क्रू. तिच्या एका टोकाला ८-१० सेंमी मोकळं राहिलं की त्या कोपऱ्यावर किंचित झणझणाट मिळतो आणि मध्यावर खोल आवाज. स्क्रू मारण्यापूर्वी २ मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर १२ मिमी फळीच्या कडेचे थर उकलतात. पृष्ठाच्या आत आणि बाहेर दोन्ही बाजूंना पातळ पॉलिश द्या. एकाच बाजूला दिलं तर पावसाळ्यात पृष्ठ वाकतं, कारण ओल दुसऱ्या बाजूनेच शिरते.

काठी शिसवीची किंवा बाभळीची, २० सेंमी लांब आणि २.५ सेंमी जाड. टोकाने मारू नका, पृष्ठावर खळगे पडतात. काठी आडवी ठेवून पुढच्या तिसऱ्या भागाने मारा आणि लगेच उचला. काठी दाबून राहिली तर गुंज मरते.

पहिला बोल पाच मात्रांचा : मोठ्या पेटीवर १ आणि ४, लहानीवर ३ आणि ५, खुळखुळा प्रत्येक मात्रेला दोनदा. खुळखुळ्याचा दुसरा आवाज दाणे परत पडल्याचा असतो. मनगट सैल असेल तर तो उशिरा येतो आणि सगळी लय लोळते. दाणे कमी करा, आवाज आपोआप आटोपशीर होईल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. त्याच्या खाणाखुणा कुठे पाहायला मिळतील? (एडिसन)

मॅनहॅटनमधला तो कोपरा आहे, सहावा अव्हेन्यू आणि ५३-५४ चा परिसर, पण आज तिथे उंच कार्यालयांमधली रहदारीच दिसेल. एक समज मात्र दुरुस्त करायला हवा : तो सगळी वर्षं बेघर नव्हता. भाड्याची खोली असे आणि न्यूयॉर्क राज्यातच कँडॉर इथे त्याची जमीन होती. १९७४ मध्ये तो कार्यक्रमासाठी जर्मनीला गेला आणि तिथेच राहिला. न्यूयॉर्कात अनेकांची तो वारल्याचीच समजूत झाली होती. जर्मनीत इलोना गोएबेल या तरुणीने त्याला घरी आसरा दिला, ब्रेलमधल्या त्याच्या रचना साध्या स्वरलिपीत उतरवल्या आणि प्रकाशनाची व्यवस्था लावली. त्याचं उत्तरार्धातलं बहुतेक काम आज वाजवता येतं ते या बाईंच्या चिकाटीमुळे. १९८९ मध्ये तो परत येऊन ब्रुकलिनमध्ये स्वतःच्या रचनांचा कार्यक्रम करून गेला. समाधी म्युन्स्टरच्या मध्यवर्ती दफनभूमीत आहे, तिच्यावरचं शिल्प एर्न्स्ट फुक्स या चित्रकाराचं.

प्रश्न : ‘रॉक अँड रोल’ हे नाव रूढ होण्यात मूनडॉगचा हात होता म्हणतात, ते कसं? (छत्रपती संभाजीनगर)

अप्रत्यक्षपणे होता. रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड क्लीव्हलंडमध्ये असताना ‘मूनडॉग’ हे नाव आपल्या कार्यक्रमाला लावत असे आणि सुरुवातीला हार्डिनचीच ‘मूनडॉग सिम्फनी’ वाजवत असे. १९५४ मध्ये तो तेच नाव घेऊन न्यूयॉर्कच्या केंद्रावर आला. हार्डिनने दावा लावला आणि जिंकला. भरपाई सहा हजार डॉलर ठरली आणि फ्रीडला ते नाव सोडावं लागलं. त्याने कार्यक्रमाचं नाव बदलून ‘रॉक अँड रोल’वर आधारित ठेवलं. शब्द आधीपासून होता, पण न्यूयॉर्कच्या लहरींवर रोज घुमू लागला तो या निकालानंतर.

प्रश्न : मी संगणकावर बीट बनवतो. ‘बर्ड्स लॅमेंट’चा तुकडा उचलून वापरायचा आहे. इतक्या जणांनी वापरलाय, मग हरकत काय? (मुंबई)

हरकत आहे. आधी तो तुकडा इतका वापरला का जातो ते समजून घ्या, मग कदाचित उचलायची गरजच उरणार नाही.

ही रचना त्याने चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकाच्या स्मरणार्थ केली. १९६९ मध्ये कोलंबियाने काढलेल्या ‘मूनडॉग’ या तबकडीत ती आहे, निर्माता जेम्स विल्यम ग्वेर्चिओ. लांबी दोन मिनिटांपेक्षाही कमी. खाली छोटा बास न बदलता फिरत राहतो. जुन्या युरोपीय संगीतात या बांधणीला शाकॉन म्हणतात. त्यावर सॅक्सोफोन एकमेकांना वाट देत बोलतात. बास दर फेरीला तोच असल्यामुळे कुठेही कापलं तरी सांधा कळत नाही. १९९९ मध्ये मिस्टर स्क्रफ याने ‘गेट अ मूव्ह ऑन’ यात हाच भाग फिरवला आणि जाहिरातींमुळे तो जगभर पोचला. मूनडॉग त्याच वर्षी गेला.

परवानग्या दोन लागतात : एक ध्वनिमुद्रणाची, तबकडीचे हक्क असलेल्या कंपनीकडून, आणि दुसरी रचनेची, प्रकाशकाकडून. दोन सेकंद किंवा चार सेकंद फुकट, असा नियम कायद्यात नाही. भारतात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे इथे २०५९ अखेरपर्यंत. जर्मनीत ७० वर्षं. व्हिडिओच्या साइटवर टाकलंत तर यंत्रणा आवाजाचा ठसा ओळखते. पट्टी अर्ध्या सुराने बदलली किंवा वेग वाढवला तरी सुटका होईलच असं नाही.

त्यापेक्षा पद्धत घ्या, पद्धतीवर कुणाचा हक्क नसतो. चार मापांचा स्वतःचा बास रचा. त्यावर आठ मापांची एक चाल. तीच चाल दुसऱ्या वाद्याला दोन मापं उशिरा द्या आणि जिथे घासेल तिथे चाल दुरुस्त करा, बास नाही. ड्रम मशीनच्या ऐवजी एक खुळखुळा आणि एक काठी खरीखुरी ध्वनिमुद्रित करा, ग्रिडला चिकटवू नका. आणि संपूर्ण तुकडा दोन मिनिटांत आटपा.

संगणकाचं वावडं त्याला नव्हतं, हेही सांगायला हवं. १९९१ ची ‘एल्पमास’ ही तबकडी सॅम्पलरवर, म्हणजे मुद्रित आवाजांचे तुकडे वाजवणाऱ्या यंत्रावर बनली आणि तिचं काम आंडी टोमा यांनी पाहिलं. पुढे ‘माउस ऑन मार्स’ या इलेक्ट्रॉनिक जोडगोळीतले ते एक.

प्रश्न : कोणत्या क्रमाने ऐकावं? (पणजी)

१९६९ ची ‘मूनडॉग’ आधी, कारण मोठा वाद्यवृंद आहे आणि मुद्रण स्वच्छ आहे. मग १९७१ ची ‘मूनडॉग २’. त्यानंतर १९५६-५७ च्या प्रेस्टिज तबकड्या : रस्त्यावरचे आवाज, आगबोटीचा भोंगा, पाच-सात मात्रांचे तुकडे. त्या आधी ऐकल्या तर विस्कळीत वाटतात. मग १९९० च्या दशकातली, लंडनच्या सॅक्सोफोन वृंदासोबत केलेली ‘सॅक्स पॅक्स फॉर अ सॅक्स’. तिच्यात बास वाजवणारे डॅनी थॉम्पसन १९६८ मध्ये पेंटँगल या गटात होते आणि त्या गटाने तेव्हाच ‘मूनडॉग’ नावाचा तुकडा वाजवला होता. इतरांनी केलेल्यांपैकी जॅनिस जॉप्लिनच्या गटाचं १९६७ चं ‘ऑल इज लोनलीनेस’ मूळ राऊंडशी ताडून ऐका, आणि क्रोनोस क्वार्टेट व घोस्ट ट्रेन ऑर्केस्ट्रा यांची २०२३ ची तबकडी नक्की.

प्रश्न : आमची मुलगी अंध आहे, पियानो शिकते. मूनडॉग ब्रेलमध्ये संगीत लिहीत असे असं वाचलं. ही लिपी कशी चालते आणि किती अवघड आहे? (अमरावती)

मूनडॉग ती आयोवातल्या अंधशाळेत शिकला आणि आयुष्यभर तिच्यातच लिहीत राहिला. ही लिपी जगभर जवळपास एकच आहे, त्यामुळे परदेशी ग्रंथालयांतली पानंही तिला वाचता येतील.

खण तोच सहा ठिपक्यांचा. वरचे चार ठिपके (१, २, ४, ५) स्वर सांगतात, खालचे दोन (३ आणि ६) लांबी. सी या स्वराला इंग्रजी डी अक्षराची खूण, पुढे क्रमाने ई, एफ, जी, एच, आय, जे. खालचे ठिपके नसतील तर पाव स्वराच्या निम्मी, म्हणजे आठव्या भागाची लांबी. ६ जोडला की पाव, ३ जोडला की अर्धी, दोन्ही जोडले की पूर्ण. एक घोटाळा इथे ठरलेला : हीच पूर्ण स्वराची खूण सोळाव्या भागासाठीही वापरतात. कोणती ते मापातली एकूण बेरीज करून ठरवायचं. म्हणून सुरुवातीला मुलीला प्रत्येक माप मोजायची सवय लावा.

सप्तक दाखवायला स्वराआधी वेगळी खूण येते, पण दर वेळी नाही. पुढचा स्वर तिसऱ्या अंतरापर्यंत असेल तर खूण नसते. सहाव्या किंवा त्याहून लांब उडीला असतेच. चौथ्या-पाचव्या अंतराला सप्तक बदलत असेल तरच. हा नियम पक्का नसला की ती योग्य स्वर चुकीच्या सप्तकात वाजवेल आणि चूक का झाली ते कुणालाच कळणार नाही.

डोळसांच्या कागदावर दोन्ही हात एकाखाली एक दिसतात. ब्रेलमध्ये बोट एका वेळी एकच ओळ वाचतं, त्यामुळे उजवा आणि डावा हात वेगळे शिकावे लागतात आणि जुळणी डोक्यात करायची असते. मूनडॉगचे आवाज एकेकटे गायले तरी पुरे वाटतात, त्याच्याशी या वाचनपद्धतीचा संबंध आहे असं आम्ही मानतो. शिवाय वाचताना हात गुंतलेला असतो, म्हणून पाठ केल्याशिवाय दोन्ही हातांनी वाजवता येत नाही. एका बैठकीत चारच मापं घ्या : उजवा हात पाठ, मग डावा पाठ, मग दोन्ही एकत्र संथ. दुसऱ्या दिवशी नवीन मापं घेण्याआधी कालची चार कागदाला हात न लावता वाजवून घ्या.